पाळी पुढे ढकलायची गोळी आणि पायातली गुठळी

पत्र : डॉक्टरताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३४, दोन लेकरं. आमच्या घरी महालक्ष्म्या असतात. यंदा मोठ्या जाऊबाईंची तारीख नेमकी त्याच दिवसांत येत होती, म्हणून घरच्यांनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. दिवसाला तीन, अशा बारा दिवस घेतल्या. विसर्जनानंतर आठवड्याने त्यांची डावी पोटरी दुखायला लागली. निंदणाचं दुखणं समजून आम्ही तेल लावून चोळली. पाय मांडीपर्यंत सुजला तेव्हा जिल्ह्याला नेलं, तर शिरेत रक्ताची गुठळी निघाली. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, हार्मोनच्या गोळ्यांनी झालं असावं. पण मागच्या पावसाळ्यात डेंगूत जाऊबाईंच्या प्लेटलेट ३८ हजारांवर आल्या होत्या. रक्त गोठवणाऱ्या पेशीच ज्या बाईच्या कमी, तिच्या पायात गुठळी काहून व्हावी? सासूबाई म्हणतात, अडवलेलं रक्त पायात उतरलं, देवीला फसवलं त्याचं हे फळ. मी स्वतः दोन वर्षांपासून आशाताईंकडून माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेते, थायरॉइडचीही गोळी चालू आहे. माझ्या गोळ्या बंद करू का? पुढच्या वर्षी माझी तारीख आली तर? आणि जाऊबाईंच्या मुलीचं लग्न जमत आहे, ती १९ वर्षांची आहे. तिलाही हे होईल का?

ताई, जाऊबाई वेळेत दवाखान्यात पोचल्या, हे फार बरं झालं. मांडीपर्यंत चढलेल्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जातो तेव्हा घरच्यांना विचार करायलाही वेळ मिळत नाही. तुमच्या पत्रातला प्लेटलेटचा प्रश्न मला इतका नेमका वाटला की आधी त्याचंच उत्तर देते.

डेंगूमुळे प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला, पण अर्धाच पोचला. गावात लोक ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ म्हणतात. पांढऱ्या पेशी निराळ्या, त्या रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेटचं काम रक्त थांबवण्याचं. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्याही बारक्या अंशात, त्या दीड ते साडेचार लाख असतात आणि एकेक प्लेटलेट जेमतेम ७ ते १० दिवस जगते. म्हणजे जाऊबाईंच्या डेंगूतले ते ३८ हजार त्या पावसाळ्यातच संपले. ताप उतरला, हाडांच्या मगजात नव्या प्लेटलेट तयार झाल्या, संख्या भरून निघाली. गंमत अशी की ‘नव्या तयार करा’ हा हुकूमसुद्धा एक हार्मोनच देतं. थ्रॉम्बोपोएटिन त्याचं नाव, ते मुख्यतः यकृतात बनतं. त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद यंदाच्या रक्ताबद्दल काहीच सांगत नाही.

पण समजा, प्लेटलेट आजही थोड्या कमी असत्या, तरी गुठळी झाली असती का? हो, होऊ शकली असती. पावसाळ्यात शेताचा धुरा, म्हणजे बांध, फुटला की आपण काय करतो ते आठवा. हाताला लागतील ते दगड-ढेकळं भगदाडात टाकतो. नुसत्या दगडांनी पाणी अडत नाही, म्हणून कापसाच्या पऱ्हाट्या आडव्या-उभ्या खुपसतो, वर माती लोटतो. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट त्या दगडांसारख्या धावून येतात आणि एकमेकींना चिकटतात. मागोमाग यकृतात बनलेली प्रथिनं फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणतात, त्या आपल्या पऱ्हाट्या. आणि रक्तात आणखी काही प्रथिनं असतात, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन अशा नावांची. त्यांचं काम ‘आता पुरे’ म्हणायचं. तेव्हा दगड मोजून भागत नाही. ते किती चटकन चिकटतात, पऱ्हाट्या किती आल्या आणि पुरे म्हणणारं कोणी जागेवर आहे का, हेही पाहावं लागतं. हार्मोनचा हात या सगळ्या ठिकाणी पोचतो.

इस्ट्रोजेन हे बायकांचं मुख्य हार्मोन. गोळीतून मिळणारं इस्ट्रोजेन पोटातून आधी यकृताकडे जातं आणि यकृत गोठवणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं. त्याच वेळी प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन कमी होतात. पऱ्हाट्या वाढल्या, पुरे म्हणणारे घटले. खुद्द प्लेटलेटमध्येही इस्ट्रोजेन ओळखणारे रेणू (रिसेप्टर) सापडलेले आहेत. तिथला परिणाम मात्र सरळ नाही, काही तपासण्यांत प्लेटलेटचा चिकटपणा वाढलेला दिसतो, काहींत कमी. पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीत मोठा वाटा यकृताच्या प्रथिनांचा असतो, एवढं पक्कं.

निसर्गाने हे उगाच केलेलं नाही. बाळंतपणात वार सुटते तेव्हा गर्भाशयाच्या उघड्या वाहिन्यांतून बाई मिनिटांत रिकामी होऊ शकते. म्हणून नऊ महिने शरीर रक्ताला गोठण्याची तयारी शिकवत असतं. आणि बघा, गरोदरपणात प्लेटलेटची संख्या थोडी घसरते, तरीही रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठतं. जाऊबाईंबद्दलच्या तुमच्या कोड्याचं उत्तर प्रत्येक गरोदर बाई अंगावर घेऊन फिरते.

इतर हार्मोन थोडक्यात सांगते. राग, भीती, धावपळ यांत सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन प्लेटलेटना थेट चेव आणतं. खर्ऱ्यातल्या तंबाखूचं निकोटीन हेच अ‍ॅड्रेनॅलिन वाढवतं, आपल्याकडे बायकाही खर्रा खातात म्हणून लिहिलं. मधुमेहात, इन्सुलिनचं गणित बिघडलं की, प्लेटलेट जास्त चिकट होतात. थायरॉइड कमी असेल तर उलट होतं. रक्त थांबवायला लागणारं एक प्रथिन घटतं आणि पाळीत अंगावरून फार जाऊ लागतं. तुमची गोळी सुरू होण्याआधी तुम्हाला असं होत होतं का, आठवून पाहा.

आता त्या पाळी ढकलायच्या गोळीकडे येते. तिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. बहुतेक पट्ट्यांवर नाव असतं नोरेथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन गोळ्या, थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी. हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध, त्यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून ‘ही साधी गोळी’ असा समज आहे. पण शरीरात गेल्यावर तिचा अगदी लहान भाग इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं तेच हे इस्ट्रोजेन. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर तयार होणारं प्रमाण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गर्भनिरोधक गोळीच्या जवळपास जातं. म्हणजे जाऊबाईंनी बारा दिवस, नकळत, जवळजवळ एक गर्भनिरोधक गोळी रोज घेतल्यासारखं झालं. गोळी थांबवल्यावरही रक्त पूर्वपदावर यायला काही आठवडे लागतात, म्हणून दुखणं विसर्जनानंतर उमटलं.

ही गोळी वाईट नाही. अति रक्तस्रावात मी स्वतः ती कितीतरी बायकांना दिली आहे आणि तिने त्यांचा जीव सावरला आहे. माझी तक्रार ती कशी दिली जाते याबद्दल आहे. सणाच्या आठवड्यात घरचा पुरुष काउंटरवर जातो, खालच्या आवाजात ‘ती गोळी’ म्हणतो, पट्टी कागदात गुंडाळून मिळते. ज्या बाईच्या पोटात ती जाणार, तिला कोणी एक अक्षर विचारत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे हे, पण चिठ्ठी कोणी मागत नाही. तिला आधी कधी गुठळी झाली आहे का, आई-बहिणीला झाली आहे का? बीपी किती? वजन फार आहे का, नुकतं बाळंतपण किंवा ऑपरेशन झालंय का, पायाला प्लास्टर आहे का? डोळ्यांपुढे चमकून मग अर्धं डोकं दुखतं का? आणि आपल्या विदर्भात तर हेही विचारायलाच हवं की सिकलसेलचा रिपोर्ट काय आहे. सिकलसेलच्या रुग्ण बाईचं रक्त तसंही गुठळीकडे झुकलेलं असतं, तिने इस्ट्रोजेनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. नुसती वाहक असेल तर घाबरायचं कारण नाही, पण सांगायचं जरूर.

हा धोका काल-परवा कळलेला नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या एका साध्या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं की हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या एका नर्सच्या फुप्फुसात गुठळी झाली. ती बाई गोळी संततिनियमनासाठी घेत नव्हतीच, दुसऱ्या त्रासासाठी घेत होती, अगदी जाऊबाईंसारखी. त्या काळच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आजच्या कितीतरी पट होतं. पुढे ते ५० मायक्रोग्रॅमवर आणि मग ३० वर आणलं गेलं.

तुमच्या माला-एनमध्ये हेच ३० मायक्रोग्रॅम आहे, जोडीला लेव्होनॉरजेस्ट्रेल. युरोपातल्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये हिशेब मांडला होता. अशी गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीवर ५ ते ७ जणींना, काही नव्या महागड्या गोळ्यांवर ९ ते १२ जणींना. म्हणजे सरकारी, फुकट मिळणारी तुमची गोळी या बाबतीत महागड्या गोळ्यांहून कमी धोक्याची आहे. आणि गरोदरपणात, त्याहून जास्त बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, हा धोका गोळीपेक्षा मोठा असतो. म्हणून घाबरून माला-एन मध्येच सोडू नका. नको असताना दिवस गेले तर आज टाळलेल्या धोक्यापेक्षा मोठा धोका पदरात पडेल.

आणखी एक गोष्ट, जी घाईत कोणाच्या लक्षात येत नाही. जाऊ ही तुमच्या रक्ताची नाही. गुठळीचा कल आई-बापाकडून येतो, सासरकडून नाही. तुमच्या माहेरी कोणाला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, ते आईला विचारा. नसेल, बीपी १४०/९० च्या खाली असेल, वर विचारलेल्या बाकी गोष्टींपैकी काही नसेल, तर गोळी चालू ठेवायला हरकत दिसत नाही. उपकेंद्रात सिस्टरकडून बीपी मोजून घ्या. दोन वर्षांत एकदाही मोजलं नसेल, असा माझा अंदाज आहे. थायरॉइडची रक्ततपासणीही पुन्हा करा, कारण इस्ट्रोजेनच्या गोळीवर असताना कधी कधी थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवावा लागतो. पस्तिशी ओलांडलीत आणि बिडी-सिगारेट असेल, किंवा बीपी चढलं, तर दुसरं साधन निवडायचं, तेव्हा पुन्हा विचारा.

पुढच्या वर्षी तुमची तारीख सणात आली तर मेडिकलमधून काहीही आणू नका. माला-एनवर असताना वरून नोरेथिस्टेरॉन घेणं म्हणजे दुहेरी मारा. तुमच्या पाकिटात २१ हार्मोनच्या गोळ्या असतात आणि ७ वेगळ्या रंगाच्या, लोहाच्या. त्या सातांच्या दिवसांत हार्मोन नसतं म्हणून पाळी येते. त्या सात सोडून लगेच नव्या पाकिटाची पहिली हार्मोनची गोळी सुरू केली की पाळी पुढे जाते. वेगळं औषध लागत नाही. हे करण्याआधी सिस्टर किंवा डॉक्टरांशी एकदा बोला, आणि महिना-दीड महिना आधी बोला, सणाच्या आदल्या रात्री नको.

आता पायाबद्दल, कारण तुमच्याकडून एक चूक झाली आहे आणि तीच चूक माझ्याही हातून झाली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, निंदणाच्याच दिवसांत, एक बाळंतीण पोटरी दुखते म्हणून आली होती. बाळ तीन आठवड्यांचं. मी तिचा दुखरा पाय पाहिला, दाबला, दुखणं थांबायची गोळी दिली आणि पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिला बैलगाडीतून धाप लागलेली आणलं. ती वाचली. पण त्या दिवशी लुगडं थोडं सरकवून मी तिचा दुसरा पाय पाहिला असता, तर दोन पोटऱ्यांतला फरक मला तिथेच दिसला असता. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याचा टेप असतो.

तो टेप तुमच्याही घरात असेल, ब्लाउज शिवायचा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्यापासून टेपने नीट १० सेंटिमीटर खाली खूण करा, चार बोटं किंवा वीत असा अंदाज नको, आणि तिथे दोन्ही पोटऱ्या मोजा. एक दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटरहून जास्त जाड असेल, तर त्याच दिवशी दवाखाना आणि डॉपलर सोनोग्राफी. फरक कमी असला तरी एकाच पायाला सूज, गरमपणा, दुखणं असेल आणि बाई हार्मोनच्या गोळीवर किंवा नुकती बाळंतीण असेल, तरीही दाखवायचंच. निंदणाने, कापूस वेचण्याने पाय भरून येतात, पण सहसा दोन्ही. आणि असा पाय चोळायचा नाही. चोळण्याने गुठळीचा तुकडा सुटू शकतो. अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, यांपैकी काही झालं तर १०८ ला फोन, घरात चर्चा नको.

जाऊबाईंच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या सहसा किमान तीन महिने चालतात. बरं वाटलं म्हणून त्यांनी त्या मनाने बंद करू नयेत. या गोळ्यांवर पाळी जास्त जाते. तासाला घडी बदलावी लागली किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टरांकडे, आणि हिमोग्लोबिन तपासायचं. अशा वेळी कोणी ‘ती’ ढकलायची गोळी पुन्हा आणून देईल. नको. अंगदुखीसाठी किराणा दुकानातली गोळीही नको, त्यातल्या बऱ्याच गोळ्या प्लेटलेटचं काम बंद पाडतात आणि पातळ रक्तात पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. गोळी वॉरफेरिन असेल तर रक्ताची तपासणी ठरल्या तारखेला करा. अंबाडी, पालक, मेथी सोडायची नाही, फक्त एका आठवड्यात अजिबात नाही आणि दुसऱ्यात रोज, असं करू नका, त्याने गोळीचा असर वर-खाली होतो. आणि त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या : ‘हार्मोनच्या गोळीनंतर पायात गुठळी झाली होती.’ यापुढे कोणताही डॉक्टर बदलला तरी हे वाक्य त्यांच्यासोबत जायला हवं.

हेच वाक्य त्यांच्या मुलीनेही पाठ करायचं आहे, कारण ती त्यांच्या रक्ताची आहे. तिला गुठळी होईलच असं मुळीच नाही. पण लग्नानंतर गोळीचं पाकीट हातात पडण्याआधी, आणि पहिल्यांदा दिवस राहतील तेव्हा नाव नोंदवतानाच, ‘माझ्या आईला गुठळी झाली होती’ असं तिने सांगायचं. तिच्यासाठी इस्ट्रोजेन नसलेली साधनं आहेत, डॉक्टर निवडून देतील. सासरी हे सांगितलं तर मुलगी आजारी समजतील, अशी भीती घरात निघेल. तेव्हा तुम्ही तिच्या बाजूने बोला. तिची आई गप्प बसली तरी काकू बोलू शकते.

शेवटचं सासूबाईंसाठी. हे त्यांना वाचून दाखवा.

मावशी, अडवलेलं रक्त पायात उतरत नाही. गोळीने गर्भाशयाचं अस्तर जागेवर राहतं, सुटत नाही, म्हणून पाळी येत नाही. आत रक्ताचा कुठला हौद भरत नसतो, आणि गर्भाशयातून पायाकडे वाटही नसते. पायातली गुठळी पायाच्या शिरेत, तिथल्याच रक्ताची झाली. आणि महालक्ष्म्यांना आपण माहेरवाशिणी म्हणून घरात आणतो. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं त्यांच्या कौतुकासाठी. माहेरी आलेली लेक वहिनीचा पाय सुजवून जात नाही. तुमच्या मोठ्या सुनेने सणासाठीच ती गोळी घेतली, तिच्या मनात आधीच अपराध दाटला असेल. तो तुम्हीच काढू शकता, माझ्या औषधाने निघायचा नाही. पुढच्या वर्षी तिची तारीख आली तर येऊ द्या. माझं मन विचाराल तर त्या दिवशीही आंबिलीच्या पातेल्याशी तीच असावी, पण घर तुमचं आहे. फक्त पंगत उठेपर्यंत तिला एका जागी मांडी घालून बसवू नका. अर्ध्या तासाने उठवा, अंगणात एक चक्कर मारायला लावा, पाणी प्यायला द्या.